फटाक्याला न भिणारी घोडी

पिपरी मेघेत आमच्या मागच्या गल्लीतला घोडीवाला कधीच हाक मारत नाही. माणूस असो की घोडी, तो समोर येतो, हात लावतो आणि मगच बोलतो. परवा घोडी विकायची जाहिरात लिहायला आणि तिचा व्हिडिओ काढायला त्याने मला बोलावलं. भिंतीपलीकडे त्याने फटाक्यांची लड पेटवली. घोडीचा कानही हलला नाही.

"लिहा मास्तर, वरातीत बिचकत नाई."

मी फोन घेऊन तिच्या शेपटीकडे वळलो, तसं त्याने माझं मनगट करकचून धरलं.

"मांगून जाऊ नोका. तिले ऐकू येत नाई. दचकली का लाथ मारते."

"हे लिहू?"

त्याने तिच्या मानेवरून हात फिरवला.

"मांगून जाऊ नोका, एवढंच लिहा."