आईची लवंग मशीनने पकडली

शनिवारी सकाळी आईला घेऊन पुन्हा त्याच हॉस्पिटलात गेले. फोनवर एवढंच सांगितलं होतं, "सैंपल में कुछ दिख रहा है, आंटी को फिर ले आइए." कुछ म्हणजे काय... दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोत बसल्यापासून मी तेच चघळत होते.

आईच्या फुफ्फुसात एक डाग दिसलाय. डॉक्टर म्हणतात, सुई घालून तुकडा काढू, तपासू. आई तयारच नाही. त्यात तिला कळलं की तिथेच एक स्टडी चालू आहे... पिशवीत फुंकायचं, श्वासातले वायू मशीन ओळखतं, त्यावरून आजाराचा अंदाज लावतात. फुंकून भागत असेल तर सुई कशाला, हे तिने पक्कं धरलं.

मला पहिल्यापासून डाऊट. फुंकर मारून आजार सांगणारे काय कमी आहेत? फॉर्मवरची बारीक अक्षरं मी तीनदा वाचली. आईचा श्वास कुठल्या कंपनीला विकणार का, हेही विचारलं. टेक्निशियन मुलगी शांतपणे "नहीं दीदी" म्हणाली. जरा जास्तच शांतपणे, असं मला वाटलं. आई मात्र त्या दिवशी उपाशीपोटी पिशवीत फुंकून मोकळी झाली.

तर शनिवारी तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली. ग्राफवर एकच उंच टोक...

"आंटी, उस दिन मुँह में कुछ रखा था?"

"कुछ नहीं. पानी भी नहीं."

"लौंग?"

आई माझ्याकडे बघेना. मग हळूच मराठीत, "अगं, परक्या पोरीसमोर उपाशी तोंडाने फुंकायचं... वास नाही का येणार? मेट्रोत एक टाकली तोंडात."

आई मंत्रालयात नोकरीला होती. साहेबांच्या केबिनमध्ये जाण्याआधी तोंडात लवंग, हे मी लहानपणापासून बघतेय. सगळ्यांवर संशय घेतला यार... आईच्या पर्समधली लवंगांची डबी तेवढी राहिली.

आई पुन्हा फुंकायला बसली. ती मुलगी पिशवी धरून अगदी जवळ उभी होती. "बस आंटी, थोड़ा और." झाल्यावर म्हणाली, "ये अभी रिसर्च है. सुई वाला टेस्ट तो कराना ही पड़ेगा."

कधी एकदा मोठमोठे दावे करतात, याची मी वाटच बघत होते. तिने एकही केला नाही. तिथे मला पहिल्यांदा तिच्यावर विश्वास बसला.

परतताना आई म्हणाली, "गुरुवारची सुईची तारीख घेऊन टाक."

अचानक कसं, मी विचारलं.

"एवढ्या जवळ उभी होती ती पोर... नाक नाही मुरडलं गं तिने. ती सांगतेय तर करून टाकू."

मग पर्समधून डबी काढून माझ्या हातात दिली. "टेस्टच्या आधीही उपाशीच राहायला सांगतील. तोवर तुझ्याकडे ठेव. माझा काही भरवसा नाही."

डबी आता माझ्या टेबलावर आहे. गुरुवारचं काय होईल, माहीत नाही... पण आई टेस्टला येतेय. त्या मुलीला थँक्यू म्हणायचं राहिलं, ते इथे म्हणते.