बय आधी आवाज द्यायची

बय मुकाट्याने कधी कुठे शिरली नाही. स्वतःच्या घरातसुद्धा. गल्लीच्या तोंडापासूनच तिचं सुरू व्हायचं, "दत्ता, मी आयले रं. हातात बादली हाय. आता पडवीत हाय. आता तुझ्या मागं हाय बघ." धरमतरच्या खाडीकाठच्या आमच्या आळीत तिची भरपूर थट्टा चाले. बय मांजरालाही वर्दी देऊन येते, म्हणत.

बय ही दत्ताची आई. शेजारीच आमचं घर. नवरा लवकर गेला, तेव्हा मिठागरावर टोपल्या वाहून तिने या एकुलत्या एकाला वाढवलं. दत्ता असा धिप्पाड की गावच्या नाटकात त्याला न विचारताच भीम करत. चोवीस-पंचवीस वर्षांचा असताना खारजमिनीच्या बांधावरून मारामारी झाली आणि पोलिसांनी हाताला लागेल त्याला उचललं. जामिनाला कुणी उभं राहिना, म्हणून खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो लांबच्या एका तुरुंगात राहिला.

निर्दोष सुटून आला तेव्हा आनंदाच्या भरात मी मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला. तो किंचाळला आणि भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसला. त्यानंतर मी त्यांच्या घरी जायचं टाळू लागलो, तेव्हा बयनेच मला बोलावून सांगितलं. बराकीतल्या दोघा जुन्या कैद्यांनी रात्री त्याच्यावर जबरदस्ती केली होती. एकदा नव्हे.

ती त्याला रोह्याला एका डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. जवळच्या पेणमध्ये कुणी ओळखीचं भेटलं असतं. आळीत विचारलं तर सांगायची, "दाताचा दुखना हाय." त्याला आधी सांगितल्याशिवाय जवळ जाऊ नका, असं बाई म्हणाल्या होत्या. बयला कळलेलं औषध तेवढंच, आणि ते तिने एक दिवसही चुकवलं नाही.

तुरुंगात त्याला भेटायला जायची तेव्हाची एक गोष्ट मात्र तिला आतून खायची. "दर मुलाखतीला जाळीतनं इचारलं, जेवलास का? तो बोलायचा, जेवलो. झोपतोस कुठं, कोनाच्या बाजूला, ता इचारलाच नाय मी."

मुलगा सुटल्यावरही मुलाखतीच्या दिवशी ती त्या तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन बसू लागली. डबे घेऊन आलेल्या आयांना सांगायची, "जेवनाचं मागनं इचार गो. झोपतो कुठं, ता आधी इचार." एकीने तिला झिडकारलं, आमचा मुलगा तसला नाही म्हणून. बय म्हणाली, "माझाबी नव्हता." एकदा ती थेट साहेबांपुढे उभी राहिली. "नव्याला जुन्यांत टाकू नका, साहेब. दिव्याखाली, पहाऱ्याजवळ झोपवा." पुढे नव्यांची बराक वेगळी झाल्याचं कानावर आलं. कुणाच्या सांगण्यावरून झाली, ते कुणी बोललं नाही आणि बयनेही विचारलं नाही.

दत्ता पुरता सावरला असं मी म्हणणार नाही. कामावर जाऊ लागला, हसूही लागला. पण मिठागरावर जाताना, वरातीत, पालखीत तो कायम सर्वांच्या शेवटी चालायचा. पाठीमागे कुणी आलेलं त्याला सोसायचं नाही.

बय गेली ती ऐन उन्हाळ्यात. विस्तवाचं मडकं घेऊन मुलाने तिरडीच्या पुढे चालायचं आणि मागे वळून पाहायचं नाही, ही आमची रीत. दत्ताने मडकं उचललं आणि तो अंगणातच थिजला. मागे सगळी आळी उभी होती. कुणीतरी हळूच म्हणालं, बयच्या पुतण्याकडे द्या मडकं.

"नाय," दत्ता म्हणाला, "माझी बय हाय." पण त्याचं पाऊल काही उचलेना.

तिरडीचा पुढचा खांदा माझ्याकडे होता. मी म्हणालो, "दत्ता, मी नाम्या. तुझ्या मागं हाय. खांद्यावर बय हाय." बाजूचा म्हणाला, "मी परशा. नाम्याच्या बाजूला हाय." मग मागून एकेक करत नावं येत गेली, थट्टा करणाऱ्यांचीसुद्धा. दत्ता चालू लागला.

स्मशानापर्यंत आम्ही आपापली नावं सांगत राहिलो. एकटी बय तेवढी, दत्ता सुटून आल्यापासून पहिल्यांदा, त्याच्या मागून मुकाट्याने येत होती.