गच्च्यांवरून पळणारी आत्या

माझ्या आत्याने वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पहिली उडी मारली ती एका उंच इमारतीच्या गच्चीवरून, आणि पलीकडची गच्ची हुकून ती सरळ खाली जाऊन मेली. खुर्चीत बसल्या बसल्या तिने पदराने घाम पुसला आणि मला म्हणाली, "परत लाव. हितनं न्हाई, पयल्यापासनं." ही बाई एरवी स्टुलावर चढायलाही घाबरायची. पंख्याची पाती पुसायला दर दिवाळीला मला बोलावून घ्यायची.

तो व्हिडिओ गेम होता. पळायचं, भिंतीला पाय देऊन वर चढायचं, एका गच्चीवरून दुसरीवर झेप घ्यायची, या प्रकाराला पार्कूर म्हणतात. या गेममध्ये ते सगळं आपल्याच डोळ्यांनी दिसतं. पळणारी बाई समोर दिसत नाही. पुढे येणारे हात, उडी मारताना वर उचललेले पाय आणि लागलेली धाप, एवढंच. आमच्या घरी वडिलांनी गेमवर बंदी घातली होती, म्हणून माझा कॉम्प्युटर सोलापुरातच साखर पेठेत आत्याच्या दोन खोल्यांत ठेवलेला होता. कॉलेज सुटलं की मी तिकडे जायची. खाली घरमालकांचे टॉवेलचे माग दिवसभर खडखडत असायचे आणि वर आमचं पळणं चालायचं.

आत्या भावंडांत थोरली. होटगीकडच्या आमच्या गावातून शहरात आली, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागली, आणि तिचं लग्न राहून गेलं. 'राहून गेलं' हे घरातले लोक म्हणतात. कुणी राहू दिलं, ते कुणी बोलत नाही. माझे वडील आणि काका, दोघेही तिच्याकडे राहून शिकले आणि आपापल्या संसाराला लागले. मग आजी तिच्याकडे आली ती अंथरुणालाच खिळली. आजी गेली तेव्हा आत्याला आयुष्यात पहिल्यांदा रिकामं घर मिळालं. भेटायला येणारे म्हणायचे, आता कसं हो करणार एकट्या? ती मान खाली घालून ऐकायची. लोक गेले की दार लावून मला म्हणायची, "एकटी एकटी काय करतेत गं? मला तर लई बरं वाटतंय." रिटायर झाल्यावर त्या दोन खोल्यांत एकटीने राहायचं, एवढंच तिला हवं होतं. पण याला इच्छा म्हणतात, हे आमच्या घरात कुणाला कळलंच नाही.

पहिला आठवडा तिचं डोकं गरगरायचं. स्क्रीन तिच्या मानेबरोबर हलायची नाही आणि तिला मळमळायचं. तोंडात आवळासुपारी धरून ती बसायची, पण उठायची नाही. हळूहळू तिच्या लक्षात आलं की या गेमचा सगळा जीव वेगात आहे. पळत राहिलं की उडी लांब जाते, भिंत सोपी होते, पाइप आपणहून हाताला लागतो. कडेला येऊन विचार करत उभं राहिलं की वेग गेला आणि उडीही गेली. "थांबलं की पडलं," ती म्हणायची. "बघायचं फुडं. पाय येतेत मागनं." महिन्याभरात ती माझ्यापेक्षा चांगली पळायला लागली. एखाद्या लांबलचक गच्चीवरून न अडखळता पलीकडे गेली की ती नाकाने मोठा श्वास सोडायची. तेवढा आनंद मी तिच्या तोंडावर दुसऱ्या कशाने आलेला पाहिला नाही.

तिला आणखी एक गोष्ट फार आवडायची. "ह्यात आपलं तोंड दिसत न्हाई, ही लई बेस सोय हाय." लग्नकार्यात बायका आधी तिच्या गळ्याकडे बघायच्या आणि मग तोंडाकडे. गेममध्ये तिला बघणारं कुणी नव्हतं, जे काय बघायचं ते तीच बघत होती. मला ही गोष्ट त्याआधी कधी सुचली नव्हती.

पण ती भाळली नव्हती. आयुष्यभर रजिस्टरांतल्या दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेनाने खुणा केलेली बाई गेमलाही सोडायची नाही. मेलं की गेम फार मागे नेऊन ठेवायचा आणि तेच संभाषण पुन्हा ऐकवायचा. "त्येच त्येच बोलणं. ह्यापेक्षा आमच्या हेडबाई बऱ्या." पाण्याच्या दिवशी तर कहर व्हायचा. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, ते काही गेम बघून येत नाही. खालून मालकीणबाईंची हाक आली की ही जिन्यावरून घागर घेऊन पळणार, पिंप भरून वर येणार, तोवर पुन्हा मागच्या गच्चीवरून सुरुवात. इमारतींच्या आतले बोळ तिला अजिबात आवडायचे नाहीत. आणि सगळ्यात राग यायचा तो पिवळ्या रंगाचा. जिथून जायचं तो पाइप, ती कड, ते दार गेम आधीच पिवळं करून दाखवायचा. ती रंग नसलेल्या दारांवर जाऊन धडकायची. एकही उघडायचं नाही. "एवढं मोठं शहर बांधलंय," एकदा ती म्हणाली, "आन् दार एकच उघडतंय. मग बाकीची काडलीत कशाला?"

मारामारीवरून मात्र तिचं आणि गेमचं कायमचं बिनसलं. मध्येच शिपाई आडवे यायचे. त्यांना ठोसे मारायचे, बंदूक हिसकावून घ्यायची, असा बेत होता, आणि खरं सांगायचं तर ती मारामारी होतीही रद्दड. आत्या मारायचीच नाही. त्यांच्या कुशीतून निसटायची, टेबलावरून उडी मारायची, गोळ्या खात खात दुसऱ्या टोकाला जायची. "मला मारायचं न्हाई," ती स्क्रीनला सांगायची. "मला जायचंय." असं करत तिने बराच गेम न मारता पार केला, आणि मग एक खोली आली. तिथल्या सगळ्यांना आडवं केल्याशिवाय दार उघडतच नव्हतं. दिवाळीची सुट्टी तिने त्या एका खोलीत घालवली. मी म्हटलं, "मी मारून देते, तू पुढचं पळ." तर म्हणाली, "मग ते माझं पळणं कसलं?" शेवटी तिने तो नाद सोडला आणि सुरुवातीच्या गच्च्यांवर परत गेली. त्याच त्या, रोज, आणखी वेगाने.

ती रिटायर झाली त्या रविवारी वडील आणि काका तिच्याकडे जेवायला आले. काका पुण्याला असतात, आणि पुण्याला गेल्यापासून त्यांचं मराठी धुतलेलं आहे. त्यांच्या सुनेला बाळ झालं होतं, काकूंचे गुडघे गेले होते. भाकरी मोडत काका म्हणाले, "आक्का, तू आता आमच्याकडे चल. इथे एकटी काय करणार?"

"राहणार," आत्या म्हणाली.

दोघेही हसले. वडील म्हणाले, "अगं पण एकटी?"

"व्हय. त्येच तर करायचंय."

तिला चेष्टा करायची सवय नव्हती, तरी दोघांनी ती चेष्टाच समजली. काका म्हणाले, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. मी मध्ये बोलले. तिला विचारा तरी, म्हटलं, तिला यायचंय का? वडिलांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मोट्यांच्यात बोलू नको." आत्या चटणीची वाटी आणायला आत गेली. मी मागोमाग गेले. "तू नाही म्हण," मी म्हटलं, "फक्त एकदा मोठ्याने म्हण." ती वाटी भरत राहिली. "भावांशी भांडून हितं राहिले तर हितं झोप लागंल का मला?" तिने विचारलं. लागली असती. चार दिवस लागली नसती, मग लागली असती. तिचं हे म्हणणं मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. या चांगल्या बायका भांडत नाहीत, आणि त्यांच्या चांगुलपणावर आमच्यासारख्यांची घरं चालतात.

आत्या पुण्याला गेली आणि तिसऱ्या महिन्यात वडिलांनी त्या खोल्या मालकांना परत केल्या. भाडं उगाच जातंय, म्हणाले. आत्याला फोनवर कळवलं ते सामान हलवून झाल्यावर. फोन मी शेजारी बसून ऐकत होते.  तिने एवढंच विचारलं, "पाण्याचं पिंप कुणाला दिलं?" वडील म्हणाले, भंगारात गेलं. "बरं," आत्या म्हणाली आणि बाळ रडतंय म्हणून फोन ठेवला.

मी पुण्याला जायची तेव्हा ती कधी एकटी सापडली नाही. कडेवर नातू, गॅसवर दूध, आतून काकूंची हाक. हॉलमध्ये दिवाणावर झोपायची, कारण दुसरी खोली काकांच्या मुलाची आणि सुनेची होती. एकदा मी माझ्या लॅपटॉपवर तो गेम घालून नेला. तिने हात धुतले, बसली, दोन गच्च्या ओलांडल्या. काकू दारात येऊन हसल्या, "अगंबाई, या वयात हे काय?" वाईट बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. आत्याने लॅपटॉप मिटला. मी म्हटलं, खेळ की, कुणी काही म्हणत नाही. "न्हाई गं," ती म्हणाली, "हात जड झालेत." आणि इथं पाणी कसं चोवीस तास असतं, ते सांगत बसली.

सहा महिन्यांची पाच वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात दुपारी नातवाला शाळेच्या बसपासून घेऊन येताना ती लिफ्टमध्ये खाली बसली आणि गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. सोबत नातू होता, वॉचमन होता, शेजारचे दोघे होते.

तेरावा सोलापुरात आमच्या घरी झाला. तिच्या शाळेतल्या बायका आल्या होत्या, साखर पेठेतले मालक आले होते. ते मला एवढंच म्हणाले, खोल्या अजून बाईंच्याच वाटतात. पंगत उठल्यावर वडील आणि काका ओसरीत खुर्च्या टाकून बसले. कुणीतरी म्हणालं, बिचारीला संसार नव्हता, पण भाऊ चांगले लाभले. वडिलांचे डोळे भरून आले. ते नाटक करत नव्हते, मी त्यांना ओळखते. रुमालाने डोळे टिपत ते म्हणाले, "संसार न्हवता, पण आमच्या आक्काला आमी शेवटपत्तोर एकटं पडू दिलं न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. खरंच होतं ते. एक दिवससुद्धा पडू दिलं नाही.