जग बुडायचं होतं त्या वर्षी

मी आज नर्स आहे ती आईमुळे. आणि नाखुशीनं का होईना, थोडे आभार त्या महाराजांचेही मानावे लागतात, ज्यांनी दिवाळीपर्यंत जग बुडणार असं आमच्या अख्ख्या आळीला पटवून दिलं होतं.

आमचं गाव अमडापूरजवळचं. वडील दारू प्यायचे, आणि वाईट प्यायचे. ते महाराजांच्या सत्संगाला जायला लागले आणि तीन महिन्यांत दारू सुटली. युग संपतंय, शुद्ध होऊन सामोरे जा, एवढंच तिथे सांगत. आईच्या रडण्यानं जे झालं नाही ते प्रलयाच्या भीतीनं झालं. म्हणून आई विश्वास नसतानाही पहिल्या रांगेत बसायची आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवायची.

उन्हाळ्यात आदेश आला, यंदा वर्षाचं वाळवण घालू नका, साठवण म्हणजे अविश्वास. आळीतली अंगणं पहिल्यांदाच रिकामी राहिली. आईनं मात्र खाटेवर जुनं लुगडं अंथरून कुरड्या घातल्या, त्याही नेहमीपेक्षा जास्त. वडिलांनी हटकलं, तर म्हणाली, सत्संगाच्या पंगतीला लागतील. मला हसू आवरेना.

बारावीचा निकाल लागला आणि बुलढाण्याला नर्सिंगला माझा नंबर लागला. वडील प्रवेशाच्या अर्जावर सही करेनात. अभ्यास तीन वर्षांचा आणि जगाचे उरलेत चार महिने, पोरीनं घरीच नामस्मरण करावं, असं त्यांचं म्हणणं. तेही मायेनं सांगायचे, त्यामुळे मला भांडताही येईना. खरी भीती वेगळीच होती. त्यांना खोटं पाडलं तर श्रद्धा जाईल, आणि श्रद्धा गेली की बाटली परत येईल, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी आईला म्हटलं, जाऊ दे, राहते घरी.

तिनं ऐकलं नाही. अर्ज वडिलांपुढे ठेवला.

"महाराज म्हनतात ते खरंच असन," ती म्हणाली. "पन देवानं इचारलं, पोरीले काऊन घरी बसवलं, त तुमी काय सांगान?"

वडिलांनी अर्ज पुढे ओढला. मग सही केली.

दिवाळी आली आणि गेली. जग जागच्या जागी. महाराजांचा पत्ता नाही. आळीतले लोक एकमेकांची नजर चुकवत होते आणि आईकडून गुपचूप कुरड्या मागून नेत होते, हे मला नंतर कळलं. मी वसतिगृहात पुस्तक उघडून बसायची, पण डोक्यात एकच विचार असायचा. घरी फोन करायचं धाडस होत नव्हतं.

एका रविवारी वडील स्वतःच भेटायला आले. फाटकाशी उभे होते, अंगावर इस्त्रीचे कपडे. मी पाया पडले आणि उठताना, लहानपणापासूनच्या सवयीनं, त्यांच्या तोंडाचा वास घेतला. त्यांच्या ते लक्षात आलं.

"नाही घेतली," ते म्हणाले. "आता त लय वर्षं जगा लागन."