जिभेच्या मुळाशी

सकाळी जीभ घासताना मी पुढची तेवढीच घासतो, मागे गेलं की उमळून येतं. परवा दाढेची कड जिभेला टोचत होती, म्हणून आरशासमोर जीभ जरा जास्तच बाहेर ओढली. पार मागे, घशाजवळ, लालसर गाठींची रांग दिसली. तंबाखू खाल्लेली सगळी वर्षं आठवली. बायकोला फक्त म्हणालो, "आज तिखट नको."

डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि ते हसले. "अहो, या सगळ्यांनाच असतात. चवीच्या गाठी आहेत, जन्मापासूनच्या!"

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने तिथेच जीभ बाहेर काढली. "बघा बरं, मला आहेत का?" होत्या, अगदी तशाच. मग तिने निवांतपणे आमटीत तिखट घातलं.

आज सकाळी पुन्हा आरशात पाहिलं. गाठी जागेवर होत्या, भीतीही होती, पण आता वेगळी. जे जन्माचं माझं, ते मला परकं वाटलं. उद्या तिथे खरंच काही परकं उगवलं, तर ते आपलंच समजून मी चूळ भरीन आणि चहाला बसेन.