साहेबांचे रेग्युलेटर आणि माझी ताई

आमच्या ताईला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिच्याशी भांडायला आलेला प्रत्येक जण शेवटी इथेच येऊन थांबतो. "बाई, तुम्ही कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलाय का?" अरे बिनडोक लोकांनो, तिला पाण्यात जायचंय कशाला? पाण्यात आम्ही जातो, पाणबुडे. खाली आम्ही ज्याच्यातून श्वास घेतो तो रेग्युलेटर ती खोलते, धुते, त्यातली रबरं बदलते आणि पुन्हा जोडते. चोवीस वर्षं झाली तिला. आधी दवाखान्यात ऑक्सिजनच्या नळ्या दुरुस्त करायची, मग आमच्या कंपनीत आली. तिच्यापाठोपाठ मीही आलो, म्हणजे तिनेच कान धरून आणलं.

तिच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल आणि त्यावर पांढरं फडकं. बारीक स्क्रू पडला तर दिसायला हवा म्हणून पांढरं. त्या टेबलावर कोणी कप ठेवला की संपलंच. एकदा मोठ्या साहेबांनी ठेवला होता. ताईने तो उचलून सरळ त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे हॉटेल नाही." साहेबांनी तेव्हा हसून घेतलं, पण डूख धरला तो कायमचा.

साहेब म्हणजे आमच्या पाणबुड्यांच्या तुकडीचे प्रमुख. आयुष्य त्यांनी कोमट समुद्रात काढलं. तिथे त्यांचा दरारा होता, ते नाकारत नाही मी. पण आम्हाला काम मिळालं डोंगरातल्या जलाशयाचं. तळाशी, साठ मीटरवर, पाणी आत घेणारी लोखंडी जाळी गाळाने बुजली होती. पाणी तीन अंश. मी आणि माझा जोडीदार उतरणार होतो. आणि या कामासाठी साहेबांनी ताईला एका शब्दाने न विचारता चार रेग्युलेटर मागवले. कुठले? तर तरुणपणी ते वापरायचे तेच. "मी यांच्यावर आयुष्य काढलंय," म्हणाले.

ताईने पहिला खोलला आणि तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

तिचं म्हणणं अगदी साधं होतं, शाळेतल्या पोरालाही कळेल असं. सिलिंडरमधला गॅस प्रचंड दाबाखाली असतो. रेग्युलेटर तो दाब उतरवतो. दाब उतरला की गॅस गार पडतो, इतका की धातू गोठतो. साहेबांच्या रेग्युलेटरमध्ये स्प्रिंगच्या कप्प्याला भोकं होती, म्हणजे बाहेरचं पाणी आत खेळणार. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं, ते सहजी गोठत नाही. जलाशयाचं गोडं पाणी तिथल्या तिथे बर्फ होणार, झडप उघडी ती उघडीच राहणार आणि सगळा गॅस भसाभसा वाहून जाणार. साठ मीटरवर असं झालं की हातात काही मिनिटं उरतात. आणि तिथून सरळ वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात, वाटेत थांबे घेत यावं लागतं, त्यालाच तासाच्या वर जातो. ताईला हवे होते ते रेग्युलेटर वेगळे. त्यांचा स्प्रिंगचा कप्पा रबरी पडद्याने बंद असतो, पाण्याचा थेंब आत जात नाही.

"पाठीवर दोन सिलिंडर आहेत ना?" साहेब म्हणाले. "प्रत्येकाला वेगळा रेग्युलेटर. एक बिघडला तर दुसरा."

"दोन्ही त्याच पाण्यात आहेत!" ताई ओरडली. "एक गोठेल तिथे दुसरा काय शेकोटी पेटवून बसणार आहे?"

मग तिने टब भरला. दोन पोती बर्फ, वर नळाचं पाणी. सगळ्यांना बोलावलं, साहेबांनाही. रेग्युलेटर सिलिंडरला लावून बुडवला आणि तोंडात धरायच्या भागाचं बटण दाबायला लागली. दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. "साठ मीटरवरचा एक श्वास म्हणजे इथले सात," ती म्हणाली. "तेवढा गॅस सोडतेय. त्यात खाली जाळीशी झटापट, धाप लागणार ती वेगळीच." चौथ्या मिनिटाला बटणावरचं बोट काढलं तरी गॅस थांबेना. टब नुसता खदखदायला लागला. ताईने रेग्युलेटर वर काढून सगळ्यांसमोर धरला. भोकांमध्ये पांढराशुभ्र बर्फ.

साहेब म्हणाले, "असं बटण दाबून कोणी श्वास घेतं का? हा पोरखेळ झाला." आणि माझ्याकडे वळले. "खाली तू जाणार आहेस. तू बोल. चालेल ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ताईचे हात बर्फाने लाल झाले होते. आणि मी, तुकडीतला सगळ्यात अनुभवी पाणबुड्या म्हणवून घेणारा मी, म्हणालो, "साहेब म्हणतील तसं."

आजही हे आठवलं की स्वतःच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो. ताईने टब उपडा केला. पाणी सगळ्यांच्या बुटांवरून गेलं, साहेबांच्याही.

रात्रभर मला झोप नाही. सकाळी उठलो तो तडक साहेबांच्या केबिनमध्ये. म्हटलं, "मी हे घालून उतरणार नाही." वाटलं होतं, आता आभाळ कोसळेल. कसलं काय! साहेबांनी मान वरसुद्धा केली नाही. "बरं. दुसऱ्या तुकडीतली माणसं बोलावतो. तू घरी बस." हे ऐकून माझ्या जोडीदारालाही लगेच ताप भरला.

संध्याकाळी मी शीळ घालतच ताईच्या खोलीत गेलो. "ताई, नाही म्हणून सांगितलं बरं का! सुटलो."

"मग कोण जाणार?"

"दुसऱ्या तुकडीतले दोघं. आत्ताच पोचलेत."

"ते काय घालून जाणार?"

"साहेबांचेच."

तिने हातातला पाना टेबलावर असा आपटला की फडक्यावरचे स्क्रू उडाले. "गाढवा! मी तुझ्यासाठी भांडत होते होय रे? तू भाऊ आहेस म्हणून? इथे कोणीही आला असता तरी मी हेच केलं असतं! स्वतःची कातडी वाचवलीस आणि वर शीळ घालत येतोस? लाज नाही वाटत?"

तेवढ्यात त्या दोघांपैकी एक आला, पट्टे मापाचे करून घ्यायला. माझ्याच वयाचा, पस्तिशीचा, चांगला तगडा गडी. ताईने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो हसला. "ताई, साहेब म्हणाले चालतं. मला रोजचं आहे हे."

"रोज कुठे असतोस?"

"समुद्रात."

"बायको आहे?"

"आहे की. दोन मुली आहेत."

"लाव बायकोला फोन."

त्याला वाटलं, गंमत चाललीय. "लाव म्हणते ना!" ताई कडाडली, तसा त्याने मुकाट लावला. ताईने फोन त्याच्या हातातून घेतला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला. "मी तुमच्या नवऱ्याचं श्वासाचं यंत्र तपासणारी बाई बोलतेय," ती म्हणाली, आणि तीन-चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. बर्फ, झडप, साठ मीटर. आवाज चढवला नाही की मुद्दाम घाबरवलं नाही. तो गडी "अगं, तसं काही नाही गं," म्हणत मध्ये घुसायला बघत होता. ताईने हातानेच त्याला गप्प केलं.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. "बाई," त्याची बायको म्हणाली, "तुमच्या घरचं कोणी हे घालून उतरलं असतं का?"

ताईने फोन उचलला आणि माझ्यापुढे धरला. "सांग तिला."

"मी भाऊ यांचा. उतरणार होतो मीच," म्हटलं. "आज सकाळी नाही म्हणून सांगितलं."

"म्हणून यांना बोलावलं?"

"हो."

तो गडी माझ्याकडे बघत होता. आता हसत नव्हता. खाली फाटकापाशी त्याचं सामान उतरवून घ्यायला मीच गेलो होतो. प्रवास कसा झाला, जेवलास का, सगळं विचारलं होतं.

"आणि हे तुम्ही यांना सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.