संक्रांतीच्या वाणात दिलेलं पत्र

वेगळ्या मुलांविषयी काय वाचावं, असं ओळखीतल्या आया मला विचारतात. मी तीन न्यूजलेटरं सांगते. ईमेलवर येतात, फुकट असतात. पहिलं एका आईचं. तिचा मुलगा बोलत नाही, आणि ती फक्त त्यांच्या दिवसाबद्दल लिहिते: मोजे घालायला गेलेला अर्धा तास, केस कापायला गेल्यावर झालेला तमाशा. दुसरं व्हीलचेअरवरून नोकरीला जाणाऱ्या एका बापाचं. तो उपदेश करत नाही, म्हणून मला आवडतो. तिसरं एका शिक्षिकेचं, सगळ्या मुलांना एकाच वर्गात कसं सामावून घ्यायचं याबद्दल. मी तोंडघशी पडले ती या तिसऱ्यापायी.

माझी लेक आठ वर्षांची. चार-पाच शब्द बोलते. आवाज वाढला की कान दाबून किंचाळते. डिसेंबरात मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं, इतर पालकांच्या तक्रारी आहेत, तिला ठेवायचं की नाही ते जानेवारीअखेर ठरवू. बाकीच्या शाळांचे उंबरे मी आधीच झिजवले होते. ही सुटली की घरच.

तेवढ्यात संक्रांत आली. आमच्या शुक्रवार पेठेत हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे, चहाच्या गाळण्या असलं वाण लुटतात. मी ठरवलं, वर्गातल्या मुलांच्या आयांना बोलवायचं आणि वाण म्हणून त्या शिक्षिकेच्या न्यूजलेटरातलं एक पत्रच द्यायचं. आठवडाभर बसून ते मराठीत उतरवलं, झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीला हलव्याची पुडी टाचली. मूल रोज नजरेसमोर राहिलं की लोकांची भीती मोडते, असा त्या पत्राचा सगळा सारांश होता. नवरा म्हणाला, "गाळणी दे की. निदान वापरतील तरी." मी त्याच्यावर खेकसले.

बायका यायच्या आधी मी लेकीला आतल्या खोलीत बसवलं, हातात मोबाईल दिला आणि बाहेरून कडी लावली. तासाभराचा तर प्रश्न होता. ऐन वेळी ती किंचाळली असती तर सगळंच मुसळ केरात.

बायका आल्या. बहुतेकींनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. माझ्या लेकीशेजारी बसणाऱ्या मुलीची आई मात्र तिथंच वाचत बसली. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "तुमची लेक कुटं हाय हो? वर्गात लई गोड हसती म्हणं."

"झोपलीये," मी म्हणाले.

आणि आतून दारावर धपाधप हात आपटायला लागले. मग "आई," अशी हाक आली. तिच्या चार-पाच शब्दांतला तो एक. कडीकडे कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनीच बघितलं होतं. मी त्या बाईला कुंकू लावत होते, ते तिच्या नाकावर सांडलं. तरीही मी उठले नाही. शेवटची बाई जिना उतरल्यावरच कडी काढली. लेकीचे तळवे लाल झाले होते.

जानेवारीअखेर शाळेत गेले, तेव्हा माझा तो कागद मुख्याध्यापिकांच्या टेबलावर होता. त्या चिडल्या नव्हत्या, हेच वाईट. म्हणाल्या, "लिहिलंय ते पटतं मला. पण घरच्या हळदीकुंकवाला तुम्ही तिला चार बायकांत बसवलं नाही. मग वर्गात मी कुठल्या तोंडानं बसवू?" कदाचित त्यांना निमित्तच हवं असेल. पण ते मी माझ्या हातानं, हलव्याची पुडी टाचून दिलं होतं. दाखला घेऊन घरी आले.

न्यूजलेटरं अजून येतात. चांगली आहेत, जरूर वाचा. मी त्या शिक्षिकेला सगळं लिहून कळवायला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा पुसून टाकलं.

लेक आता दिवसभर घरीच असते. दारावरची बेल वाजली की हातातलं खेळणं खाली ठेवते, आपण होऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते.